फडक्यावरची बकुळ

आमच्या कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या एका बिरादरीनं पहाडगंजच्या मागच्या गल्लीत धर्मशाळा बांधली होती आणि तिच्या मागच्या अंगाच्या पाच-सहा खोल्यांत आमचं कॉलेज भरायचं. एरवी त्या खोल्या आमच्या, पण लग्नसराईत आणि सणासुदीला धर्मशाळेच्या. मग बाकं अंगणात जायची, वर्गात गाद्या पडायच्या आणि फळ्यावर कुणीतरी 'लड़केवाले इधर' असं लिहून बाण काढून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी आमच्या जीवशास्त्राच्या कोहली मॅडम तो बाण पुसायच्या आणि त्याच जागी पेशीची आकृती काढायच्या. जीवशास्त्राचा वर्ग नुकता सुरू झाला होता. त्यात आम्ही आठ-नऊ मुली होतो, सगळ्या मोठ्या कॉलेजांनी मार्कांपायी परत पाठवलेल्या. ज्यांना कुणी घेत नव्हतं त्यांना बिरादरी घ्यायची, आणि मराठी मुलगी आपल्या बिरादरीची कशी, असा प्रश्न तिथं मला कधी कुणी विचारला नाही.

मार्क बेताचे होते आणि हट्ट मोठा होता, म्हणून मी तिथं पोचले. अप्पा, म्हणजे माझे वडील, एका मंत्रालयात कारकून होते. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आमच्या ओळीतल्या दोन मुली शॉर्टहँड-टायपिंग शिकून नोकरीला लागल्या होत्या आणि अप्पांच्या डोळ्यांसमोर तोच कित्ता होता. शॉर्टहँड येणारी मुलगी उपाशी मरत नाही, असं ते दर रविवारी दाढी करताना आरशाला सांगायचे. शेवटी आईनं मध्ये पडून तडजोड घडवली. "हिवाळ्यापर्यंत बघू," अप्पा म्हणाले. "तो वर्ग धड चालला, युनिव्हर्सिटीनं मान्यता दिली, तर ठीक. नाहीतर जानेवारीपासून टायपिंग. मग बिल्कुल वाद नको." मी मान डोलावली. त्या वयात जानेवारी फार लांब वाटतो.

आईला माझ्या शिक्षणाचं वावडं नव्हतं. तिला वावडं होतं बेडकाचं. गुरुवारी प्रॅक्टिकल असे. त्या दिवशी मी परत आले की मागच्या दारानं आत यायचं, थेट मोरीत जायचं, डोक्यावरून अंघोळ करायची आणि मगच घरात फिरायचं, असा दंडक होता. तरी फॉर्मलीनचा वास बोटांना राहायचाच. म्हणून गुरुवारी मला चमचा मिळायचा आणि जेवायला एक वेगळी ताटली. तिला घरात 'बेडकाची ताटली' म्हणत. तिच्यात मेतकूट-भात, वर तुपाची धार, बाजूला लसणीची चटणी. मागे रेल्वेलाइनवरून मालगाडी जात असायची, शेजारच्या सरदारजींचा रेडिओ भिंतीतून ऐकू यायचा आणि आई शेगडीपाशी बसून विचारायची, "आज काय कापलंत?" मी सांगायला लागले की म्हणायची, "पुरे. जेव आता." दर गुरुवारी विचारायची मात्र. ती ताटली अजून माझ्याकडे आहे. गाझियाबादच्या या फ्लॅटमध्ये आता तिच्यात मी औषधाच्या गोळ्या काढून ठेवते.

आईची स्वतःची एक वस्तू होती, तिच्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या वस्तूवरूनच घडलं. आई कोकणातली. लग्न होऊन दिल्लीला निघाली तेव्हा तिच्या आईला एकच काळजी पडली होती, की एवढ्या लांब हरतालिकेला सोळा प्रकारची पत्री मुलीला कशी मिळणार आणि मिळाली तरी ती ओळखणार कशी. परसात जे उगवतं ते आपण ओळखतो, पण परमुलखात गोंधळ होतो, असा तिचा हिशेब. म्हणून तिनं अप्पांच्या लग्नातल्याच एका धोतराचं फडकं फाडलं आणि त्याच्यावर सोळा पानं सुईदोऱ्यानं टाचून दिली. बेल, आघाडा, रुई, कण्हेर, डाळिंब, बकुळ, अशी चार रांगांत. दर वर्षी श्रावण संपत आला की आई ट्रंकेतून ते फडकं काढायची, खाटेवर पसरायची आणि मग त्याच्यावरची पानं डोळ्यांत साठवून बाहेर पडायची. वाळकं पान किती टिकणार? दोन-तीन वर्षांनी एखादं भुगा होऊन झडायचं. मग आई त्याच्या शेजारी दिल्लीत मिळालेलं ताजं पान टाचायची. जुन्याचे अवशेष ती काढून टाकत नसे. त्यामुळे फडक्यावर कुठं पूर्ण पान, कुठं नुसती शीर आणि तिच्या शेजारी नवं पान, आणि सगळीकडे हळदीकुंकवाची बोटं, असा प्रकार होता.

कोहली मॅडम लाहोरहून अर्धवट शिक्षण घेऊन आल्या होत्या आणि उरलेलं त्यांनी दिल्लीत संसार सांभाळून पुरं केलं होतं. उंच, सडसडीत, हसणं कमी. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस त्यांनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "लड़कियो, सुनो. दिवाली के बाद यूनिवर्सिटी की कमेटी आ रही है. मान्यता मिली तो बायोलॉजी रहेगी. नहीं मिली तो तुम सब गृहविज्ञान में बैठकर मुरब्बा बनाओगी." आमच्याकडे दोन सूक्ष्मदर्शक होते, त्यांतल्या एकाचं भिंग हलायचं. बरणीत एक साप होता. वनस्पतींचा संग्रह मात्र मुळीच नव्हता, आणि समिती तो बघणार हे नक्की होतं. प्रत्येकीनं आपल्या राहत्या भागातून झाडं गोळा करायची, पान नव्हे, फुलाफळासकट डहाळी आणि लहान रोप असेल तर मुळासकट. मग ती वर्तमानपत्रांच्या घडीत घालून, वर विटा ठेवून वाळवायची, असं ठरलं. मुरब्ब्याला बाकीच्या हसल्या. माझ्या कानात टाइपरायटर वाजायला लागला होता.

त्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी आईबरोबर पत्रीला गेले. तिच्या हातात परडी, माझ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. क्वार्टरांच्या मागे रेल्वेलाइन आणि नाला यांच्यामध्ये मोकळी जागा होती, तिथं पावसात काय वाटेल ते उगवायचं. आई एक पान खुडायची, नमस्कार करायची आणि पुढं जायची. मी तिच्या मागोमाग तेच झाड मुळासकट उपटायची. दोन-तीनदा तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, मग वळून म्हणाली, "अगं, देवीला पान पुरतं. तुझ्या मॅडमला अख्खं झाड कशाला लागतं?" मी म्हटलं, "नुसत्या पानावरून काही कळत नाही म्हणे." "मला तर कळतं," आई म्हणाली आणि लाइनीच्या कडेच्या एका कोवळ्या, तकतकीत झाडाचं पान खुडून परडीत टाकलं. ते बकुळीचं. लाइनवाले दर वर्षी छाटायचे म्हणून झाड लहानच राहिलं होतं, त्याला कधी फूल येताना आम्ही पाहिलं नव्हतं, पण फडक्यावरच्या पानाशी त्याचं पान तंतोतंत जुळायचं. आई दर वर्षी बकुळ तिथूनच आणायची. दुसऱ्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत मराठी बायका जमल्या. वाळूची पिंड, कहाणी आणि उपासानं उतरलेले चेहरे यांच्यात माझा डबा खाटेखाली होता. एक काकू म्हणाल्या, "काय गं कुमुद, यंदा तू पण पत्री गोळा केलीस? चांगला नवरा मिळेल हो!" आई म्हणाली, "तिला आधी मान्यता मिळू दे."

नवरात्रापर्यंत आमचा संग्रह चांगला जमला. वर्गाच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रांची कमरेएवढी चळत झाली. आणि अष्टमीला धर्मशाळेत भंडारा होता. चार दिवसांच्या सुट्टीनंतर आम्ही परत गेलो तर कोपऱ्यात नुसत्या विटा, व्यवस्थित रचून ठेवलेल्या. अंगणात भट्टीची राख होती आणि हलवाई कढया घासत बसला होता. कोहली मॅडमनी त्याला विचारलं तेव्हा तो मनापासून म्हणाला, "बीबीजी, मैंने तो रद्दी समझी. अंदर घास-फूस भी भरा था, सूखा हुआ. क्या बढ़िया आग पकड़ी!" त्यानं आम्हां सगळ्यांना उरलेला हलवा द्रोणातून दिला. मॅडमनीही घेतला. खाऊन झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि एवढंच म्हणाल्या, "अब जो जहाँ से ला सके, ले आए." मी आयुष्यात पुष्कळ रागावलेली माणसं पाहिली, पण हलवा खात रागावलेलं माणूस ते एकच.

वेळ थोडा होता. विटांखाली झाड नीट वाळायला दिवस लागतात, ते आमच्याकडे नव्हते. घरी येऊन मी बेडकाची ताटली पुढं ओढली आणि पहिल्यांदाच जेवताना रडले. गुरुवारही नव्हता. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली ठेवून त्यांनी विचारलं, "झाडं वाळवायचीच आहेत ना? मग इस्त्री का नाही करत?" अप्पांची कोळशाची इस्त्री हा घरातला एक देव होता. ऑफिसची पँट ते स्वतः करत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. दुसऱ्या संध्याकाळी मी आणि आई लाइनीच्या कडेनं पुन्हा हिंडलो आणि नंतर अप्पा बनियनवर, चष्मा कपाळावर ढकलून, वर्तमानपत्राच्या घड्यांवर इस्त्री फिरवत बसले. आघाडा, रुई, बोर, एकेक डहाळी सपाट होऊन बाहेर यायची. घरभर करपलेल्या गवताचा वास सुटला. "धोत्र्याला जरा जास्त लागते," अप्पा म्हणायचे, जणू तेही कापडच. मी त्यांना टायपिंगची आठवण करून दिली नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

झाडं कागदावर लावायला डिंक धरेना, इस्त्रीनं कडक झालेली देठं उचकटून वर यायची. आई ते बराच वेळ बघत होती. इतके दिवस तिनं माझ्या कॉलेजच्या कशाला म्हणून बोट लावलं नव्हतं. मग तिनं ट्रंकेतून फडकं काढलं, सुईत दोरा ओवला, माझ्या हातातला जाड कागद ओढून घेतला आणि फडक्यावर होते तसेच आडवे टाके घालून डहाळी टाचायला लागली. देठावर एक, शिरेच्या मध्यावर एक, टोकाला एक. काम झाल्यावर दोरा दातानं तोडायची. दोन काकू त्या आठवड्यात रोज दुपारी येऊन बसल्या आणि गप्पा मारता मारता त्यांनी निम्मा संग्रह टाचून टाकला. लेबलं अप्पांनी लिहिली, कारण त्यांचं अक्षर सरकारी होतं. मी नाव सांगायची, ते लिहायचे. पुस्तकात सापडलं ते मी पुस्तकातून सांगितलं आणि घरातलं होतं ते आईला विचारून. लाइनीच्या कडेच्या त्या कोवळ्या झाडाची डहाळी आली तेव्हा मी पुस्तक उघडलंच नाही. बकुळ ती बकुळ. समितीच्या दिवशी निघताना आईनं फडक्याची घडी माझ्या पिशवीत घातली. "मॅडमना दाखव. म्हणावं, माझ्या आईनं पण केलं होतं असलं." मला त्या हळदीच्या डागांची लाज वाटली, पण घेऊन गेले.

समितीत दोघे होते. एक जाडसर गृहस्थ खुर्च्या, खिडक्या आणि नळ बघत फिरले. दुसरे वयस्कर प्रोफेसर, बंद गळ्याचा कोट, हातात स्वतःचं भिंग. ते टेबलाशी बसले आणि आमचे कागद एकेक करून उलटायला लागले. आम्ही भिंतीला टेकून रांगेत उभ्या. टाके बघून ते एकदा थांबले आणि पुढं गेले. मग एक कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "यह किसने जमा किया?" मी पुढं झाले. अप्पांच्या वळणदार अक्षरांत खाली 'बकुळ' लिहिलं होतं आणि कंसात हिंदी नाव, मौलसिरी. "बेटा, ध्यान से देखो," ते म्हणाले. "यह मौलसिरी है?"

मी पाहिलं. खरं सांगायचं तर त्या झाडाकडे मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं. डहाळीवर पानं जोडीजोडीनं समोरासमोर होती. बकुळीची एक सोडून एक असतात, हे कोहली मॅडमनी पहिल्या महिन्यातच फळ्यावर काढून दाखवलं होतं. आणि पानाच्या कडेकडेनं, काठाला धरून, एक बारीक शीर गेलेली होती. लाइनीच्या कडेला दर वर्षी दिसणारं ते झाड मला एकदम ओळखू आलं. दिल्लीच्या निम्म्या रस्त्यांवर तेच तर लावलेलं आहे. कोहली मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, बरणीतल्या सापाकडे बघत होत्या. आठ मुलींचं वर्ष माझ्या एका कागदावर येऊन ठेपलंय असं मला वाटलं. मग मी म्हटलं, "नहीं सर. जामुन है." "कैसे पहचाना?" मी जोडीच्या पानांचं सांगितलं, काठच्या शिरेचं सांगितलं. "तो लेबल पर मौलसिरी क्यों?" याला पुस्तकातलं उत्तर नव्हतं. मी पिशवीतून फडकं काढून टेबलावर पसरलं.

त्यांना मी अडखळत सगळं सांगितलं, आजीपासून. जाडसर गृहस्थ घड्याळ बघत होते. प्रोफेसरांनी फडक्यावर भिंग धरलं. बकुळीच्या जागी आजीनं टाचलेलं पान अर्धं उरलं होतं आणि त्याच्या शेजारी आईनं टाचलेलं दिल्लीचं पान पूर्ण होतं. ते दोन्हींवरून भिंग कितीतरी वेळा फिरवत राहिले. "यह आधा वाला मौलसिरी है," ते म्हणाले, "और यह पूरा वाला जामुन. अकेला पत्ता था ना. अकेले पत्ते से अच्छे-अच्छे धोखा खा जाते हैं." मग अप्पांच्या लेबलवर त्यांनी काट मारली, वर स्वतःच्या हातानं योग्य नाव लिहिलं आणि कागद चळतीत परत ठेवला. उठताना कोहली मॅडमना म्हणाले, "ग़लत लेबल मैंने बड़े-बड़े कॉलेजों में देखे हैं. लड़की ने खड़े-खड़े ठीक किया, यह कम देखा है. एक माइक्रोस्कोप और मँगवाइए." मान्यतेचं पत्र थंडी पडता पडता आलं. कोहली मॅडमनी ते वाचून दाखवलं आणि लगेच फळ्याकडे वळून पेशीची आकृती काढायला लागल्या. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे टायपिंग नाही तर," आणि इस्त्रीत कोळसे घालायला गेले.

आईला मात्र बकुळीचं खरं नाव समिती येऊन गेली त्याच संध्याकाळी सांगायचं होतं आणि ते मला प्रोफेसरांपेक्षा जड गेलं. ती पोळ्या लाटत होती. मी सांगितलं. लाटणं थांबलं. "तुझ्या त्या सरांनी कोकणातली बकुळ पाहिली आहे का कधी?" तिनं विचारलं. मी तव्यावरची पोळी उलटली. मग ती स्वतःशीच म्हणाली, "जांभूळ मला ओळखू आलं नाही? परसात होतं आमच्या. चढून बसायचे मी त्याच्यावर." तिचा आवाज बदलला होता. त्या वेळी मला वाटलं, तिला पूजा चुकल्याचं दुःख झालं. आज तिच्या वयाची होऊन पुढं गेल्यावर मला कळतं की दुःख त्याचं नव्हतं. इतकी वर्षं दिल्लीत राहून गाव आपल्या हातून सुटलं नाही, अशी तिची समजूत होती, त्या समजुतीला धक्का बसला होता. मला तिची फार दया आली आणि ती कशी दाखवायची ते आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "चल, दाखव." आम्ही लाइनीपर्यंत गेलो. मी फांदी वाकवून समोरासमोरची पानं दाखवली, पान उजेडात धरून काठची शीर दाखवली. तिनं पान चुरगळून हुंगलं. "जांभूळच," ती म्हणाली.

हल्ली आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाद्रपदात पत्रीच्या तयार पुड्या मिळतात. परवा मी एक उघडली तर सोळांतली सहा पानं एकाच झाडाची होती. मला हसू आलं.

त्या समितीच्या पुढच्या वर्षी हरतालिकेच्या आधी मी सफदरजंगच्या मकबऱ्याच्या बागेतून खरी बकुळ शोधून आणली, डहाळीसकट. आईनं ती हातात घेऊन खूप वेळ पाहिली. पूजेच्या दिवशी तिनं बकुळीचं पान वाहिलं. सोळा झाली. काकू आरतीचं तबक उचलणार तेवढ्यात आईनं परडीतून आणखी एक पान काढलं आणि पिंडीवर ठेवलं. "हे कोणतं हो सतरावं?" काकूंनी विचारलं. "जांभूळ," आई म्हणाली. "इतकी वर्षं नेमानं आलंय बिचारं, बकुळ होऊन. आता नाव कळलं म्हणून घालवून द्यायचं?" काकूंनी तबक उचललं. आरती झाली.

दुसऱ्या दिवशी विसर्जन आटोपल्यावर तिनं फडकं खाटेवर पसरलं आणि मला हाक मारली. सुई माझ्या हातात दिली. खालच्या कडेला मोकळी जागा होती, तिथं बोट ठेवून म्हणाली, "इथं जांभूळ टाच. आणि नुसतं पान नको घेऊस. जोडीची दोन पानं असलेली डहाळी घे, म्हणजे पुढच्या बाईची फसगत होणार नाही."